सुटायची सोय

परवा रविवारी दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तर हॉलमधून एकदम ओळखीचा वास आला. नेलपॉलिश रिमूव्हरचा. आता आमच्या घरात नखं रंगवणारी मी एकटी, आणि तीसुद्धा लग्नकार्यापुरती. मग बाटली उघडली कोणी?

उठून बघते तर चिरंजीव टीपॉयसमोर मांडी घालून बसलेले. माझी नवीकोरी बाटली रिकामी. २०१८ च्या बंदीच्या आधी कधीतरी आणलेले थर्माकोलचे वाडगे आमच्या माळ्यावर अजून होते, त्यातल्या एकात तो रिमूव्हर ओतलेला, आणि त्यात एक चाक बुडवलेलं. "अरे, हे काय चाललंय?" असं मी म्हणेपर्यंत वाडग्याने तळ सोडला. म्हणजे गळला वगैरे नाही, चक्क विरघळला! आता आमच्या टीपॉयच्या पॉलिशवर महाराष्ट्राच्या नकाशासारखा एक पांढुरका डाग आहे. कोकणपट्टी जरा जास्तच रुंद आलीय, बाकी हुबेहूब.

बाबा तेव्हा शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसले होते. सगळी खोली त्या वासाने भरली होती, माझे डोळे चुरचुरत होते, आणि बाबांना पत्ता नव्हता. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी चाकाबद्दल.

चिरंजीवांकडे रिमोटवर चालणारी गाडी आहे. ("आई, रिमोटची गाडी काय म्हणतेस, आरसी म्हण!") ही जत्रेत मिळते तशी नव्हे. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, शॉकॲब्सॉर्बरपासून डिफरन्शियलपर्यंत सगळं असलेली. एक सुट्टीभर त्याने आत्याकडून, मामाकडून, आजोबांकडून पैसे गोळा केले आणि ती घेतली. सोसायटीच्या सिमेंटच्या रस्त्यावर दोन महिने पळवली आणि मागचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले. टायर बदलायला गेला तेव्हा कळलं की या टायरमध्ये हवा नसते. आत स्पंजचं कडं असतं आणि टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमच्या खाचेत झटपट गोंदाने चिकटवलेली असते. तोच गोंद, जो आपण तुटलेल्या कानाच्या कपाला लावतो. दुकानदार म्हणाला, "चाकासकट सेट घ्या, कशाला त्रास करून घेता?" चाकासकट सेट अर्थातच नुसत्या टायरपेक्षा महाग. रिम तर ठणठणीत होती. तेव्हा चिरंजीवांनी कुठेतरी वाचलं की ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवलं की गोंद सुटतो, आणि ॲसिटोन कशात असतं याचा शोध घेता घेता माझ्या ड्रेसिंग टेबलापर्यंत पोचले.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा सारखा केला आणि चाक हातात घेऊन उलटसुलट फिरवलं. बाबा तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी कुठून उघडते ते बघायचं, ही त्यांची सवय. टीव्हीचा रिमोट असो नाहीतर लग्नात आलेलं घड्याळ.

"चिकटवलंय होय," ते म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती. "स्क्रू असता तर आत्ता काढून दिलं असतं. चिकटवलेलं म्हणजे आधी त्याला मनवावं लागतं."

मग पुढचे तीन दिवस आजोबा-नातवाने चाकांना मनवलं.

पहिला उपाय उकळत्या पाण्याचा. हा गोंद साधारण ऐंशी अंशांच्या पुढे दम सोडायला लागतो, त्यामुळे पाण्यात उकळून बघावं असं बाबांचं मत. एक जुनं पातेलं कायमचं त्या कामाला देऊन टाकलं, खिडक्या उघडल्या, अर्धा तास चाकं उकळली. (स्वयंपाकघरात रबराच्या रश्शाचा वास!) चारांपैकी एका चाकाची एक कड चमच्याच्या दांड्याने सुटली, बाकी ढिम्म. कारखान्यात चिकटवणाऱ्याने हात राखून काम केलेलं नव्हतं.

दुसरा उपाय खऱ्या ॲसिटोनचा. रिमूव्हरमध्ये पाणी, तेल, सुगंध असं काय काय मिसळलेलं असतं, त्याने नख साफ होईल, टायर नाही. रंगाच्या दुकानातलं थिनरही बाबांनी नको म्हटलं. थिनर म्हणजे चारपाच द्रावणांची भेळ असते, त्यात टोल्युइन वगैरे असतं, त्यापेक्षा निव्वळ ॲसिटोन बरं. ते केमिकलच्या दुकानातून आणलं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. प्लॅस्टिकचा का नाही, हे टीपॉय सांगेलच. रिमच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी आधी एक थेंब टाकून पाहिला. रिम नायलॉनची होती, तिला काही झालं नाही. दुसऱ्या काही प्लॅस्टिकला तडे जातात, पांढरे डाग पडतात, काही मऊ पडतात. मग चाकं डब्यात, ॲसिटोन वरपर्यंत, झाकण बंद, आणि डबा गच्चीवर सावलीत. घरात नाही.

"घरात का नाही?" चिरंजीवांनी विचारलं. "वास येतो म्हणून?"

"वास सोड," बाबा म्हणाले. "याची वाफ हवेपेक्षा जड. वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. इथून स्वयंपाकघरापर्यंत, नाहीतर देवघरातल्या समईपर्यंत गेली, की ज्योत तिथून उलटी इथे येते."

मी नंतर वाचलं. ॲसिटोनची वाफ उणे वीस अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते. म्हणजे ठाण्यात बारा महिने, चोवीस तास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा उघडला. टायर भिजवलेल्या वाटाण्यासारखे टम्म फुगलेले. चमच्याचा बोथट दांडा कडेखाली घालून गोल फिरवला, आणि जो टायर जग बुडालं तरी सुटणार नाही असं वाटत होतं तो शेंगेतून दाणा निघावा तसा निघाला. आतल्या स्पंजचा मात्र लगदा. रिमच्या खाचेत गोंदाचा पांढरा चिकट थर राहिला होता, तो जुन्या टूथब्रशने घासून काढला. ते फुगलेले टायर दिवसभर वाऱ्यावर ठेवल्यावर पुन्हा जवळजवळ होते तेवढे झाले, पण गुळगुळीत ते गुळगुळीतच. नवे टायर आणून चिकटवताना बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला बापजन्मात माहीत नव्हती. हा गोंद पुसायला कापूस घ्यायचा नाही. कापसाशी त्याची अशी काही प्रतिक्रिया होते की तो तापतो, हात भाजण्याइतका.

तर टायर बदलले. गाडी पळतेय. एवढ्यावर हा लेख संपायला हरकत नव्हती. पण दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत.

पहिली गोष्ट चिकटवण्याची. या गोंदाची जन्मकथा मजेशीर आहे. १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतले हॅरी कूवर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. त्यात हे सायनोअॅक्रिलेट हाती लागलं आणि 'हे ज्याला त्याला चिकटतंय' म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं! १९५१ मध्ये पुन्हा हाताशी आलं तेव्हा लक्षात आलं की अरे, हाच तर त्याचा गुण. १९५८ मध्ये ते बाजारात आलं. हवेतल्या दमटपणाने ते घट्ट होतं, म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यात ते कपाआधी बोटांना चिकटतं.

गोंदाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. चिरंजीवांनी मला समजावलं ते पटण्यासारखं आहे. गाडी वेगात असते तेव्हा चाकं इतकी गरगर फिरतात की टायर फुगून रिमबाहेर यायला बघतो. तो चिकटवला नाही तर पहिल्याच वळणाला निघून जाईल. स्क्रूने आवळायच्या रिमही मिळतात, पण त्या जड आणि महाग. हलकं, स्वस्त आणि पक्कं हवं तर गोंदच. मोबाईलवाल्यांचंही म्हणणं तेच असतं. पातळ हवा, पाणी आत जायला नको, मग बॅटरी आणि काच चिकटवण्याला पर्याय नाही.

मान्य. पण मग चिकटवणाऱ्याने सोडवायचा रस्ता का सांगू नये? गाडीच्या खोक्यात चौदा भाषांमधलं माहितीपत्रक होतं. त्यात बॅटरी तोंडात घालू नका इथपासून सगळं होतं. 'टायर झिजल्यावर रिम कशी मोकळी करावी' यावर एक ओळ नव्हती. रिम कसल्या प्लॅस्टिकची, तिला कुठलं द्रावण चालतं, किती तास, याची दोन वाक्यं छापायला असा काय खर्च आला असता? गोंद लावणाऱ्याला गोंद कशाने सुटतो हे नक्की माहीत असतं. ते न सांगणं हा विसराळूपणा आहे असं मला आता वाटत नाही. चाकासकट सेट खपतो, हे त्याचं कारण.

युरोपने २०२३ मध्ये बॅटऱ्यांसाठी जी नियमावली केली, तिच्यात फेब्रुवारी २०२७ पासून लागू होणारी एक अट आहे. लहान उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, आणि ती काढायला खास हत्यारं, उष्णता किंवा द्रावण लागता कामा नये. (अपवाद आहेत, ते असायचेच.) उष्णता किंवा द्रावण! वाचताना मला आमचं उकळतं पातेलं आणि गच्चीवरचा डबाच डोळ्यांसमोर आला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं, वाहनं, अशी क्षेत्रं त्यात धरली आहेत. चांगलंच आहे. पण माहिती देणं आणि वस्तूच सुटेल अशी बनवायला लावणं यात फरक आहे, आणि दुसरं अजून व्हायचं आहे.

आता दुसरी गोष्ट. बाबांना वास न येण्याची.

माझं लहानपण किसननगरच्या चाळीत गेलं. तेव्हाची वागळे इस्टेट आजच्यासारखी नव्हती. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीची स्थापना झाली तो छोटेखानी समारंभसुद्धा इथेच झाला होता. माझ्या आठवणीत रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. सोळा नंबर, बावीस नंबर, अठ्ठावीस नंबर. प्रत्येक नंबराला आपला वास. कुठे बिस्किटासारखा गोड, कुठे तापलेल्या तेलाचा, कुठे रबराचा. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा. आज तिथे पासपोर्ट ऑफिस आहे, काचेच्या आयटी इमारती आहेत, आणि मधूनमधून अजून तग धरून असलेले गाळे आहेत.

बाबा घरी आले की त्यांच्या कपड्यांना एक थंड, गोडसर, नाकात चढणारा वास असायचा. मला तो आवडायचा. तो 'बाबा आले'चा वास होता. परवा दुपारी आडवी असताना ज्या वासाने मी जागी झाले तो हाच. त्यांच्या कंपनीत (नाव लिहीत नाही, ती आता नाहीच) भाग धुवायला, साचे पुसायला द्रावणं वापरायचे. उघडी परात, त्यात द्रावण, हातात कॉटन वेस्ट. सुटी झाली की ग्रीसने काळे झालेले हात त्याच परातीत धुवायचे आणि घरी यायचं. साबणाने निघत नाही ते त्याने झटकन निघतं. हातमोजे नव्हते. पिंपावर कसलीही चिठ्ठी नव्हती. त्याला सगळे नुसतं 'पाणी' म्हणायचे. "जरा पाणी दे रे!" की हे पाणी.

बाबांच्या हातांच्या कातडीला कायम भेगा. आई रात्री खोबरेल लावून द्यायची. संध्याकाळी डोकं दुखायचं, ते चहाने जातं असा घरात समज होता. आणि कधी तरी, केव्हा ते त्यांनाही सांगता येत नाही, वास येणं कमी कमी होत बंद झालं. आता गॅस लीक झाला तरी त्यांना कळत नाही, म्हणून आम्ही त्यांना एकट्याला स्वयंपाकघरात चहा करू देत नाही. डॉक्टर म्हणाले, वयानेही होतं, सर्दीनेही होतं, इतक्या वर्षांनी नेमकं सांगता येणार नाही. खरंही असेल. ॲसिटोन तर त्यातल्या त्यात सौम्य. ते आपल्या शरीरातसुद्धा थोडंफार तयार होतं, कडक निर्जळी उपासाला तोंडाला येतो तो वास त्याचाच. (साबुदाणा खिचडी, रताळं, वेफर्स खाऊन केलेल्या उपासाला येत नाही!) पण त्या परातीत ॲसिटोनच होतं की आणखी काय काय, हे तिथे काम करणाऱ्या एकालाही कधी कुणी सांगितलं नाही. दुखणं या गोष्टीचं आहे.

कायदा नव्हता असं नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक रसायनांची माहिती कामगारांना देणं मालकांवर बंधनकारक झालं होतं. पण विजेवर चालणाऱ्या गाळ्यात दहापेक्षा कमी माणसं असली की तो सहसा कारखानाच ठरत नसे. जिथे ठरत होता तिथेही पिंपावर चिठ्ठी आलीच असं नाही.

म्हणून मला 'दुरुस्ती करा, फेकू नका' एवढंच म्हणून थांबवत नाही. हे म्हणायला सोपं आहे आणि म्हणणारे बहुतेक माझ्यासारखे, पंख्याखाली बसलेले असतात. प्रत्यक्ष सोडवतं कोण? स्टेशनजवळच्या बोळात चार बाय चारच्या टपरीत दिवसभर मोबाईलच्या काचा सोडवणारी अठरा-वीस वर्षांची पोरं. गरम प्लेट, द्रावणाची बाटली, ब्रश, आणि डोक्यावर पंखासुद्धा नाही. कारण वाऱ्याने बारीक स्क्रू उडतात. मागे एकदा माझा मोबाईल दिला तेव्हा त्या मुलाला विचारलं, या बाटलीत काय आहे? तो म्हणाला, "क्लीनर आहे ताई." एका पिढीचं 'पाणी', दुसऱ्या पिढीचं 'क्लीनर'. वस्तू चिकटवून पातळ करण्याची हौस कंपनीची, फायदा आपला, आणि ती सोडवताना वाफ कुणी घ्यायची? तर त्या पोराने.

दुरुस्तीच्या हक्काच्या चर्चेत ग्राहक असतो, कंपनी असते, पर्यावरण असतं. हा पोरगा त्यात मला फारसा दिसत नाही. माझं म्हणणं साधं आहे. जी वस्तू पुढे उघडावी लागणार आहे ती शक्यतो स्क्रूने जोडा. चिकटवायचीच असेल तर ती कशाने सुटते, त्यात काय धोका आहे आणि हाताला, नाकाला काय लावायचं, हे वस्तूबरोबर लिहून द्या, आणि मराठीतही द्या. हातमोज्यांचं उदाहरण घ्या. दवाखान्यात दिसतात ते निळे नायट्राईलचे हातमोजे आम्ही मोठ्या विश्वासाने आणले होते. ॲसिटोनपुढे ते टिकत नाहीत, त्याला ब्युटाईल रबराचे लागतात. हे मला, पदवीधर बाईला, इंग्रजी वाचता येणाऱ्या बाईला, अर्धा तास शोधल्यावर कळलं. टपरीतल्या मुलाने कुठे शोधायचं?

कुणी म्हणेल, एका खेळण्याच्या चाकावरून कुठे गेलात! असेलही. पण मोठ्या गोष्टी मला अशाच, घरातल्या टीपॉयवर सांडल्यावर कळतात.

असो. उरलेलं ॲसिटोन मोरीत ओतायचं नाही असं बाबांनी सांगितलं. ते गाळून काचेच्या बाटलीत भरलं, पुढच्या टायरांना उपयोगी पडेल. मग त्यांनी चिरंजीवांना वहीचं पान फाडून आणायला लावलं आणि स्वतः मजकूर सांगितला. 'ॲसिटोन. पेट घेतं. पाणी नाही.' खाली तारीख. चिरंजीव म्हणाले, "आजोबा, पाणी नाही हे कशाला? वासावरून कळतंच की!"

बाबा काही बोलले नाहीत. चिकटपट्टी मागून घेतली आणि ती चिठ्ठी बाटलीवर स्वतःच्या हाताने लावली. चारी कडा नखाने दाबून.